चार तास सीटवर

२ जून

भिंगरे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. काल फोनवर तू म्हणालीस, आजी, सीटवर बसवत नाही गं, आणि पुढे गुळणी धरून बसलीस. का म्हणून विचारलं तर म्हणे गरम होतं. गरम झालं तर माणूस खिडकी उघडतं, रडवेलं होत नाही. मला कानांनी कमी ऐकू येतं, अक्कल जागेवर आहे.

तुझंही बरोबर आहे म्हणा. माझ्यासाठी फोन मोठ्या आवाजावर लावावा लागतो. इकडे ओट्याशी तुझी आई, जिन्यात खालच्या मजल्यावरची शिंपीण कान टवकारून, आणि तिकडे तुझ्या खोलीत चार पोरी. अशा बाजारात कोण काय बोलणार? म्हणून हे पत्र. माझी शाळा दुसरीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. पण इस्पितळाच्या धुलाईघरात चौतीस वर्षं काढली, चादरींवरची वॉर्डांची नावं वाचूनच गठ्ठे लावायचे, त्यामुळे वाचण्या-लिहिण्याचं अडत नाही.

उत्तर टपालात टाकू नकोस, ते पोचेपर्यंत तू बरी होशील नाहीतर मरशील. तुमच्या डेपोची सकाळची गाडी दुपारी इथे येते. कंडक्टरच्या हाती दे, तो स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे ठेवेल. मीही तसंच पाठवीन. पाकीट तीनदा चिकटव.

आता ऐक. आपल्या घरातल्या बायकांनी आजवर एकच चाक फिरवलं, शिलाई मशीनचं. तू बस चालवणार आहेस, चाळीस माणसं घेऊन. मी हे पेपरवाल्याला, दूधवाल्याला, माझी कवळी करतो त्या डॉक्टरला, सगळ्यांना सांगून बसले आहे. परीक्षा अठ्ठावीसला. सप्टेंबरात तुला तीस पूर्ण, मग वयाच्या अटीत बसत नाहीस. म्हणजे पहिली संधी तीच आणि शेवटचीही तीच. तुझी आई म्हणते परत ये, कापडाच्या दुकानात काउंटरवर जागा आहे. मी तिला म्हटलं, पोरगी कापड मोजायला जन्मली नाही.

तेव्हा काय होतंय ते लिही, आणि कुठे होतंय तेही लिही. रक्त, पू, ओकारी, सगळं मी या हातांनी धुतलंय. किळस येण्याची सोय त्या नोकरीत नव्हती.

तुझी आजी


५ जून

आजी,

चार वेळा चिकटवलंय.

आधी चांगलं सांगते. परवा मी बारा मीटरची गाडी दोन पिंपांच्या मधून मागे घेतली, एकाही पिंपाला न शिवता. आमचे शिकवणारे जुने ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. ते कुणाला चांगलं म्हणत नाहीत. ते नुसते टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले आणि मग अठरा पुरुषांना म्हणाले, आता तुम्ही करून दाखवा. सहा पिंपं आडवी झाली. आजी, ती गाडी वळते ना, तेव्हा मागचा भाग आधी ऐकत नाही आणि मग एकदम आपल्या हातात येतो. मला झोपेतसुद्धा ते जाणवतं.

आता दुसरं. खाज सुटते. खाली, पुढे, समजून घे. तीन आठवडे झाले. सकाळी जरा बरं असतं, पण रेक्झिनच्या सीटवर तासभर बसलं की जीव नको होतो. लघवी केली की चुरचुरतं. अंगावरून पांढरं जातं, दह्याच्या कवड्यांसारखं, वास काही येत नाही. एवढ्या मोठ्या डेपोत आम्हा पाच बायकांना एक संडास, त्याला कडी नाही, म्हणून मी दिवसभर पाणीच पीत नाही. कदाचित त्या संडासातूनच लागलं असेल. म्हणून दिवसातून चार वेळा जंतुनाशकाच्या पाण्याने धुते. मे महिन्यात अक्कलदाढ सुजली होती, सात दिवस कॅप्सूल घेतल्या. ती कटकट संपते न संपते तोवर ही.

खोलीतल्या एकीला अर्धवट सांगितलं तर ती म्हणाली, असलं वाईट चालीच्या बायकांना होतं. माझं कुणाशी काही नाही गं. तुला खरं वाटेल ना?

डॉक्टरकडे जा म्हणू नकोस. डेपोचा डॉक्टर एकच आणि परीक्षेआधी तंदुरुस्तीचा कागद तोच देतो. त्याने एकदा लिहिलं की ही बाई बसू शकत नाही, तर संपलं. परीक्षा चार तासांची असते. मागे माणसांऐवजी वाळूची पोती, शेजारी परीक्षक, मधे उतरायचं नाही. मला चार तास हलल्याशिवाय बसता आलं पाहिजे. बाकी सगळं मला येतं.

तुझी भिंगरी


६ जून

भिंगरे,

त्या खोलीतलीला माझा निरोप दे. मी चौतीस वर्षं बायकांच्या वॉर्डाच्या चादरी धुतल्या. लग्न झालेल्या, न झालेल्या, म्हाताऱ्या, शाळकरी, देवाचं नाव घेतल्याशिवाय घोटभर पाणी न पिणाऱ्या, सगळ्यांच्या. खाज चारित्र्याचा दाखला तपासून येत नाही. तिला स्वतःला होईल तेव्हा तिची चाल आपण बघू.

मला तुझं खरं वाटतं की नाही, हा प्रश्न पुन्हा विचारलास तर कान उपटीन. आणि असतं कुणाशी काही, तरी खाज ती खाजच.

डॉक्टर-बिक्टर काही नको. तू नीट धूत नाहीस, एवढंच. ते बाटलीतलं सुवासिक पाणी म्हणजे नुसता देखावा. सोबत माझ्या सोड्याच्या साबणाच्या दोन वड्या ठेवल्या आहेत. या साबणाने मी ऑपरेशनच्या चादरी काढल्या आहेत आणि तुझ्या बापाला वाढवलंय. सकाळ-संध्याकाळ सोसवेल तितक्या कढत पाण्याने खसखसून धू. फेस झाला की शंभर आकडे मोज, मग पाणी घे. झोंबेल. झोंबलं म्हणजे गुण येतोय.

आणि पिंपांचं मी पेपरवाल्याला सांगितलं. त्याने विचारलं, बारा मीटर म्हणजे किती. मी त्याला त्याच्या टपरीपासून पुढे चालवत नेलं, नळापाशी थांबवलं आणि म्हटलं, एवढी. तो तिथेच उभा राहून मागे बघत राहिला.

तुझी आजी


११ जून

आजी,

गुण येत नाहीये.

पाच दिवस केलं. पहिल्या दिवशी वाटलं, झोंबतंय म्हणजे आजीचं खरं. आता कातडं लालभडक झालंय, दोन ठिकाणी चिरलंय, आणि खाज होती तिथेच आहे, वर आग निराळी. काल वळणावर मला इतकं असह्य झालं की मी सीटवरून उठले आणि उभ्याने क्लच दाबला. पाय घसरला. गाडी गचके खात फुटपाथला लागली. कुणाला काही झालं नाही. वस्ताद नुसतं म्हणाले, बाई, गाडी बसून चालवतात. अठरा जण हसले. मी पण हसले.

परीक्षेला सतरा दिवस आहेत. मी बॅग खाली काढून ठेवली आहे. भरली नाहीये, नुसती काढली आहे.

एक विचारू? रागावू नकोस. गेल्या वेळी घरी आले होते तेव्हा तू खुर्चीत बसून सारखी मागे-पुढे सरकत होतीस. आई म्हणाली गुडघे दुखतात. गुडघे दुखणारं माणूस उभं राहायला कंटाळतं, तू बसायला कंटाळत होतीस. पाहुणे गेले की लगेच आत जाऊन दार लावायचीस. आजी, तुला इतकं सगळं माहीत कसं?

भिंगरी


१८ जून

भिंगरे,

आठवडाभर उत्तर नाही म्हणून घाबरली असशील. मी कामात होते. सांगते, आणि बसून वाच, बसवत नसेल तर उभ्याने वाच, पण वाच.

तुझा प्रश्न वाचून आधी तुला चार शिव्या घातल्या. मग दार लावून बसले. तीन वर्षं झाली. रात्री तर अंथरुणात आग. मी म्हटलं, वय झालं, पाळी जाऊन वीस वर्षं झाली, आता त्या जागेचं कुणाला काय पडलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण झाकलेलं दुखणं कुणी सव्वा दमडीला घेत नाही, हे मला तुझ्या पत्राने कळलं. आणि साबण मीही तोच लावत होते. तुला जे पाठवलं ते मला तीन वर्षं उपयोगी पडलं नव्हतं, तरी पाठवलं. याला काय म्हणायचं ते तू ठरव.

मग मी गेले. बायकांच्या दवाखान्यात. खिडकीतल्या मुलीने काय त्रास म्हणून विचारलं. मला ऐकू गेलं नाही. तिने मोठ्याने विचारलं. मी तिच्याहून मोठ्याने सांगितलं, खाली खाज येते, तीन वर्षं झाली. बाकावर अकरा बायका होत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, एवढी शांतता. मला वाटलं, आता जमीन फाटावी. तेवढ्यात कोपऱ्यातली एक, चांगली साडी-बिडी नेसलेली, म्हणाली, मला सहा महिने.

भिंगरे, मग जे काय सुटलं ते सुटलं. एकीला पाळीच्या नव्या सुवासिक पॅडनी झालं होतं, पॅड बदलले आणि गेलं. एकीला साखर निघाली, साखर आटोक्यात येईपर्यंत खाज हटेना. एका कोवळ्या पोरीने तिथले केस काढले होते, ते उगवताना टोचत होते. एकीचं नवराबायको दोघांनी औषध घेतलं तेव्हा थांबलं, त्याआधी ती एकटीच गोळ्या खाऊन दमली होती. एकीच्या मुलीला रात्री मागून खाज यायची, ते पोटातले जंत निघाले. मी चौतीस वर्षं बायकांची धुणी धुतली आणि बायकांना कधी बोलतं केलं नाही. आत जायची पाळी आली तेव्हा मला उठावंसं वाटेना, इतकी मैफल जमली होती.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाची. योनी हा शब्द ती असा उच्चारते जसं आपण कोपर म्हणतो. मी दोनदा खोकले, तिसऱ्यांदा सवय झाली. टेबलावर झोपवलं, दिवा लावला, आरसा धरून मलाच दाखवलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा बघितलं. कातडी कागदासारखी पातळ, पांढरे चट्टे. ती म्हणाली, "आजी, तीन वर्षं का थांबलात?" मी म्हटलं, "तुम्ही शिकत होतात ना, तुमची वाट बघत होते."

हसली. मग समजावलं. कातडीचा एक आजार आहे, त्याचं नाव गाडीच्या पाटीवर मावणार नाही इतकं लांब. लागट नाही, घाणीने होत नाही. पण दुर्लक्ष करायचं नाही, दरवर्षी दाखवायचं, क्वचित त्यातून वाईट निघू शकतं. मलम दिलंय, रोज रात्री वाटाण्याएवढं. साबण बंद. माझा साबण बंद, भिंगरे. नुसतं पाणी.

पाचव्या रात्री मी झोपले. सकाळी तुझी आई उठवायला आली, तिला वाटलं गेले मी. तीन वर्षांत अशी झोप नाही. मी उठून आधी दुकानात गेले आणि त्याच मलमाची दुसरी नळी घेतली. ती सोबत पाठवतेय. खाज तुझीही तीच, जागाही तीच, रक्तही एकच. दोन वेळा लाव. दहा दिवस आहेत, भरपूर झाले. बॅग वर ठेव.

तुझी आजी


२१ जून

आजी,

पहिल्या रात्री खरंच थंड वाटलं. मी उठून खोलीत नाचले. दुसऱ्या दिवशी दोनदा लावलं. काल संध्याकाळपासून आधीपेक्षा दुप्पट. सूज आली आहे. पांढरं तर इतकं जातंय की काल दोनदा चड्डी बदलली. आज मी गाडीवर गेलेच नाही. वस्तादांना पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

तू बरी झालीस याचा आनंद आहे, खोटं नाही बोलत. पण तू मला दोनदा औषध पाठवलंस आणि दोनदा मी आणखी खाली गेले. आता काही पाठवू नकोस. सात दिवसांत मला बसता येणार नाही. परवाच्या गाडीने परत येते. आईला सांग, काउंटरवरची जागा असेल तर ठेवा म्हणून.

बॅग भरली.


२२ जून, सकाळ

भिंगरे,

परतीच्या गाडीत बसू नकोस. हे पत्र वाचून होईपर्यंत बॅगेला हात लावू नकोस.

काल तुझं पत्र वाचलं आणि तशीच दवाखान्यात गेले. नंबर नव्हता. बाकावरच्या बायकांनी मला पुढे काढलं, नात आहे म्हटल्यावर. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. साबण सांगितला, मलम सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. तुझी आई ज्या आवाजात उतू गेलेल्या दुधाबद्दल बोलते, त्या आवाजात म्हणाल्या, "आजी, तुम्ही शेजारणीचा चष्मा लावता का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तुमच्या आजाराचं मलम तिला का लावलंत? खाज एकसारखी असते. कारणं दहा असतात."

पिशवीतून तुझं पहिलं पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. पांढरं जातं, दह्यासारखं, तिथे त्यांनी मान हलवली. पुढे दाढ सुजली, सात दिवस कॅप्सूल, तिथे म्हणाल्या, थांबा, हे परत वाचा. परत वाचलं. हेच असावं, म्हणाल्या. दाढेच्या कॅप्सूल वाईट जंतू मारतात, तसे तिथले राखण करणारे चांगले जंतूही मारतात. राखणदार गेले की बुरशी माजते. त्यात घामाची पँट, रेक्झिन, जंतुनाशकाचं पाणी, वर माझा साबण. आणि माझं मलम म्हणजे त्या बुरशीला खतपाणी. माझ्या कातडीला जे अमृत, ते तुझ्या बुरशीलाही अमृत. रोग रेड्याला, औषध पखालीला. ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले.

घरी येताना मला माझंच एक आठवलं आणि रस्त्यात थांबले. धुलाईघरात नवी बाई आली की मी तिला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायची. तपकिरी डाग दिसला की लगेच कढत पाणी ओतायचं नाही. आधी गठ्ठ्यावरचं नाव बघायचं, कुठल्या वॉर्डाची चादर, डाग कशाचा. चहाचा असेल तर कढत पाण्याने जातो. रक्ताचा असेल तर कढत पाण्याने कायमचा बसतो, त्याला थंडच लागतं. दोन्ही डाग वाळले की दिसतात सारखेच. किती बायकांना मी यावरून फाडून खाल्लंय. एकदा एकीने चाळीस चादरी घालवल्या, तिला मी महिनाभर चादरवाली म्हणायचे. आणि माझ्या नातीच्या बाबतीत मी डाग कशाचा ते न विचारता कढत पाणी ओतलं, तेही दोनदा. आता मला चादरवाली म्हण.

माफी-बिफी मला लिहिता येत नाही. काम सांगते ते कर.

मलम फेकून दे. साबण फेकून दे, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. जंतुनाशकाची बाटली फरशीला वापर. आज दुपारीच तुमच्या गावातल्या बायकांच्या दवाखान्यात जा. डॉक्टरीणबाईंची तिथे एक मैत्रीण आहे, तिच्या नावाची चिठ्ठी याच पाकिटात आहे. पत्रावरून त्या औषध देत नाहीत. म्हणाल्या, बघितल्याशिवाय, कापसाच्या काडीने तपासल्याशिवाय नाही, कारण माझा अंदाजही चुकू शकतो. अंदाजाने औषध देणारी एक जण तुमच्या घरात आहे तेवढी पुरे.

आणि डेपोच्या डॉक्टरची भीती सोड. तो डोळे बघतो, कान बघतो, रक्तदाब बघतो. तुझ्या चड्डीत डोकावायचा त्याला हुकूम नाही. तुझी बाई तुला तपासेल, कागद तिच्याकडे राहील.

ती काही विचारेल. कुणाशी संबंध आला का, पाळी कधी आली, सगळं. लाजू नकोस, खोटं बोलू नकोस. मी सत्तराव्या वर्षी पाय फाकून आरशात बघितलं, तू एकोणतिसाव्या वर्षी चार प्रश्नांची उत्तरं देऊ शकतेस.

तुझ्या आईला काउंटरचं मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आजी


२८ जून

आजी,

तू बावीस तारखेपासून रोज संध्याकाळी स्टँडवर येऊन बसतेस आणि प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारतेस, असं इथे सगळे सांगतात. पत्र लिहिलं नाही कारण मधलंच काही लिहायचं नव्हतं. आता सगळं एकदम घे.

बावीस तारखेलाच गेले. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून ओढणी नाकापर्यंत घेतली होती. बाकावर समोरच आमच्या खोलीतली ती बसली होती, वाईट चालीवाली. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की खिडकीतल्या माणसाने गप्प केलं. तिला लघवीचा जंतुसंसर्ग झालाय. तीही दिवसभर पाणी पीत नव्हती, त्याच संडासामुळे. आम्ही परत येऊन पाचही जणींनी सहीचा अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी संडासाला कडी लागली. चार वर्षं लागत नव्हती.

बाईंनी काडीने घेतलं, काचेवर लावलं, यंत्राखाली बघितलं आणि मलाही बघायला लावलं. बुरशीच. दोऱ्यांसारखी दिसते, अगदी बारीक. तीन रात्री आत ठेवायच्या गोळ्या आणि बाहेरून लावायला वेगळं मलम. नुसतं पाणी, सुती कपडे, घामाची पँट घरी आलं की लगेच काढायची, भरपूर पाणी प्यायचं. बरं वाटलं तरी औषध मधेच सोडायचं नाही. आणि पुन्हा झालं तर स्वतःच्या मनाने काही न लावता परत यायचं. हे सांगताना त्या चिठ्ठीकडे बघून हसत होत्या. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी त्यात काय लिहिलं होतं कुणास ठाऊक.

मग वस्तादांना खरं सांगितलं. बायकांचा त्रास आहे, औषध चालू आहे, सीटचं काही करता येईल का. ते लाल झाले, टोपी काढली, घातली, परत काढली. आणि हळूच म्हणाले, मला जांघेत नायटा होता, बाई, अकरा वर्षं. सगळ्या ड्रायव्हरांना असतो, कुणी बोलत नाही. घट्ट पँट आणि रेक्झिन. त्यांनी स्वतः जाऊन स्टोअरमधून मला एक माप मोठी सुती पँट आणून दिली आणि सीटवर घालायला चौपदरी सुती चादर. आता सगळ्या शिकाऊ गाड्यांवर ती घालायला सांगितली आहे. कारण विचारलं तर म्हणतात, रेक्झिन तापतं.

दोन दिवसांत सूज उतरली. चौथ्या दिवशी थोडी खाज होती, सहन होण्याजोगी. डेपोच्या डॉक्टरने डोळे, कान, रक्तदाब बघून तंदुरुस्तीचा कागद दिला. आज परीक्षा.

परीक्षक माझ्या शेजारी बसले, मागे वाळूची पोती. पहिल्या तासात मी रस्त्यापेक्षा स्वतःकडेच लक्ष देत होते, आता सुरू होईल, मग सुरू होईल. दुसऱ्या तासाला घाट लागला. समोरून लाकडांचा ट्रक आला, मला कड्याच्या बाजूला पंधरा पावलं मागे घ्यावी लागली. मागचा भाग आधी ऐकला नाही आणि मग आला हातात. परीक्षक खिडकीला धरून बसले होते. तिसऱ्या तासाला एका फाटकापाशी गाडी थांबवली, आगगाडी जायची होती. मी सीटवर टेकून बसले, बाटलीतलं पाणी प्यायले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की घाटापासून मला त्या जागेची आठवणच आली नव्हती. आजी, काहीच न जाणवणं इतकं छान असतं हे मला माहीत नव्हतं. मला तिथेच हॉर्न वाजवावासा वाटला.

चार तास बारा मिनिटांनी डेपोत आणून लावली. परीक्षकांनी कागदावर बराच वेळ लिहिलं. मग उतरताना म्हणाले, "बाई, तुम्ही एकदाही जागेवरून हलला नाहीत."

पास झाले.

तुझी भिंगरी


३० जून

भिंगरे,

पत्र स्टँडवरच उघडलं. पेपरवाल्याने वाचून दाखवू का विचारलं, मी म्हटलं, यातलं तुला काही झेपणार नाही. शेवटचे दोन शब्द तेवढे त्याला दाखवले. त्याने ते आलेल्या प्रत्येक कंडक्टरला सांगितले. एकाने गाडी सुरू करायच्या आधी आत जाऊन उतारूंना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, मला ऐकू आल्या नाहीत, पण हात दिसले.

तुझ्या आईला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, पोरीला युनिफॉर्म शोभतो का. कापडाच्या दुकानात ती आता स्वतः जाणार आहे, पाच तास. मला वाटतं तिला ती जागा आधीपासूनच स्वतःसाठी हवी होती. विचारायला कुणी सुचवलं नव्हतं.

खालची शिंपीण काल वर आली. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, तुमच्याकडे ते मलम आहे म्हणे. मी म्हटलं, आहे, पण देणार नाही. ती रुसली. मी म्हटलं, रुसून खाज जात नाही, चल, चप्पल घाल. आज दोघी जाऊन आलो. तिचं तिसरंच काही निघालं. येताना तिने दवाखान्याच्या बाकावर आणखी दोघींना बोलतं केलं, मला तोंड उघडावं लागलं नाही.

तुला कुठला मार्ग मिळाला ते लगेच कळव. मी येणार. पहिल्या दिवशी, पहिल्या फेरीला, तुझ्या मागच्या सीटवर बसणार. ड्रायव्हरशी बोलू नये, असं आत लिहिलेलं असतं. तेवढं मला वाचता येतं. पाळणार नाही.

तुझी आजी